अकरा वर्षं न काढलेलं जेवणाचं नाव

"ताई, तुमचं हृदय जाड झालंय," डॉक्टर म्हणाल्या आणि मी चक्क हसले. म्हटलं, मॅडम, मी तरी कुठे बारीक आहे!

त्या हसल्या नाहीत. माझी टूडी एको झाली होती. टूडी एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. तिच्यात डाव्या कप्प्याची भिंत जाड दिसत होती. याला लेफ्ट व्हेंट्रिक्युलर हायपरट्रॉफी म्हणतात. बीपी वर्षानुवर्षं वाढलेला राहिला की हृदयाला जोर लावून रक्त ढकलावं लागतं, त्याने असं होतं. माझा बीपी होता एकशे ऐंशी. वय चव्वेचाळीस.

"पूर्वी कधी मोठा आजार? दाखल होता?" त्यांनी विचारलं.

"छे, काही नाही," मी म्हटलं. शेजारी माझा नवरा विलास बसला होता. तो पंख्याकडे बघत राहिला.

खोटं होतं ते. आणि हे खोटं आमच्या अख्ख्या चाळीचं होतं.

आम्ही घाटकोपरच्या डोंगरावर राहतो, बहुतेक सगळे मालवणकडचे. अकरा वर्षांपूर्वी चाळीच्या सत्यनारायणाच्या जेवणातून विषबाधा झाली. मठ्ठ्यात टँकरचं पाणी पडलं होतं, त्यातूनच झालं असं पुढे म्हणत होते. वीस-बावीस जण दाखल झालो. मला रक्ताचे जुलाब, अंगावर सूज, लघवी बंद. किडनीवर परिणाम झालाय म्हणाले. तीन आठवड्यांनी घरी आले. कागदावर लिहून दिलं होतं, दर वर्षी बीपी आणि लघवी तपासा.

जेवण केलं होतं चाळीतल्याच शालूमावशीने. हाताला चव अशी की बोटं चाटावीत. लोक तिच्या अंगावर धावून जायला लागले, तेव्हा चाळीतले सगळ्यांत वडीलधारे, आमच्या थोरल्या अण्णांनी सगळ्यांना देवळात बोलावलं, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. "महाराजा, ह्यो विषय हयच संपलो. आजपासून कोणी त्या जेवणाचा नाव काढूचा नाय." आम्ही सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं. मीही म्हटलं, जोरात.

देवासमोर दिलेला शब्द. मग तपासायला जायचं तरी कसं? डॉक्टर विचारणार, का तपासायचंय? म्हणून कोणीच गेलं नाही. तो कागद मी कुठे टाकला, मला आठवतही नाही. मूर्खपणा, दुसरं काय!

दोन वर्षांपासून पायऱ्या चढताना धाप लागायची. डोकं ठणकायचं. मरोळला मी पॅकिंगच्या कामाला जाते, तिथल्या बायका म्हणायच्या, चाळीशी आहे गं, चालायचंच. मीही तेच धरून बसले.

रक्ताचा रिपोर्ट आला. क्रिएटिनिन वाढलेलं होतं. किडनी नीट गाळत नसेल तर हे वाढतं. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. शांतपणे, न रागावता. या वेळी मला रडू फुटलं आणि मी सगळं सांगून टाकलं.

"सगळा दोष त्या जेवणाला देता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तेव्हा किडनीला इजा झाली असेल, तर पुढे बीपी वाढू शकतो आणि हृदयावर ताण येतो. वेळेवर गोळी सुरू झाली असती तर बरंच टळलं असतं. बाकीचे लोक कुठे आहेत? त्यांना तपासायला सांगा."

घरी विलास म्हणाला, "वाट लागेल आपली. मावशीला तोंड कसं दाखवणार?" त्याचंही खोटं नव्हतं. पण मी आधी मावशीकडेच गेले. तिला न विचारता कुणाला सांगायला जीभ रेटत नव्हती.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमी माझ्यासाठी गप ऱ्हवलात. पण त्या दिवसापासून माझ्या हातचा पाणी तरी कोणी पिला काय गे?"

मीसुद्धा तिच्या दारावरून "घाई आहे मावशी" म्हणत निघून जात होते. अकरा वर्षं! आम्ही तिला सांभाळलं नव्हतं, वाळीत टाकलं होतं. याची लाज मला माझ्या आजारापेक्षा जास्त वाटते.

मावशी उठली, पायात चपला घातल्या. "चल, मियाच सांगतंय," म्हणाली. एकेका दारात जाऊन तिने स्वतःच्या तोंडाने त्या जेवणाचं नाव काढलं. पहिल्या दारात आवाज फाटला तिचा. एका घरात दार लावून घेतलं, बाकीच्यांनी ऐकलं.

रविवारी आम्ही चौदा जण दवाखान्यात गेलो. सहा जणांचा बीपी वाढलेला निघाला. त्यांच्या गोळ्या सुरू झाल्या.

माझ्याही चालू आहेत. मीठ कमी, पापड-लोणचं बंद, दर तीन महिन्यांनी तपासणी. हृदयाची भिंत थोडी सुधारेल, पहिल्यासारखी होईलच असं नाही म्हणतात. दुसऱ्यांदा विचारणाऱ्या त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्यापैकी कोणी अशा विषबाधेतून गेलं असेल तर डॉक्टरांना पहिल्यांदाच सांगा हो, लाजू नका.

त्या रविवारी मावशी रांगेत शेवटी उभी होती. तेव्हा तीही आजारी पडली होती, हे आम्हाला तिथे कळलं. शरमेपोटी हॉस्पिटलला न जाता मीठ-साखरेच्या पाण्यावर घरातच पडून राहिली होती. तिच्या दंडाला पट्टा बांधला. सिस्टरने एकदा मोजलं, पुन्हा मोजलं, आणि डॉक्टरांना हाक मारली. सगळ्यांत जास्त बीपी तिचाच होता.