कुरिमोतोंची एकुलती एक झांज

शिगेयुकी कुरिमोतो यांनी जपानमधल्या ताकाओकाच्या बाजूला उभी हयात आगगाडी चालवली, आणि निवृत्त झाल्यावर ते गाडीतून उतरले तरी गाडी काही त्यांच्या अंगातून उतरली नाही. गाडी चालवणाऱ्याने सिग्नल नुसता बघायचा नसतो; पांढऱ्या हातमोज्याचं बोट त्याच्यावर रोखून मोठ्याने म्हणायचं असतं, "सिग्नल, ठीक." कुरिमोतो घरीही तेच करत. शेगडीकडे बोट, "गॅस बंद, ठीक." खिडकीकडे बोट, "खिडकी, ठीक." आणि झोपण्याआधी शेजारच्या गादीकडे बोट, "बायको, ठीक."

"मी काय रेल्वेचं फाटक आहे?" फुसाए विचारायची. शेवटी तिनेच त्यांना मोठ्या माणसांच्या संगीतवर्गात घातलं. शहरातल्या ऑर्केस्ट्राचे वादक दर शनिवारी येऊन साठी-सत्तरीच्या लोकांना वाद्यं शिकवत आणि त्यांचा बेसूरपणा हसतमुखाने सोसत. "तिथे तरी गप्प राहायला शिकाल," ती म्हणाली.

कुरिमोतोंच्या वाट्याला झांजा आल्या. शिकवणाऱ्या इवाकिरी सेन्सेई त्यांच्या मुलीच्या वयाच्या होत्या. "समोरासमोर आपटायच्या नाहीत, कुरिमोतोसान. मध्ये हवा अडकते आणि फुस्स होतं. तिरक्या घासून न्यायच्या." हे त्यांनी पटकन उचललं. अख्ख्या रचनेत झांज एकदाच होती, तीही मोठ्या शांततेनंतर. तोवर मोजत उभं राहायचं, आणि थांबून राहण्यात तर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

पहिल्या तालमीला ती शांतता आली. सगळे श्वास रोखून बसले. कुरिमोतोंचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून त्यांनी बोटाऐवजी अख्खी झांजच, समोर काठी हलवून सगळ्यांना ताल देणाऱ्या संचालक ओनुमांवर रोखली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "संचालक, ठीक. झांजा, ठीक. पुढे मोकळं." मग वाजवली. ओनुमा तोवर टेबलामागे वाकले होते.

"मनातल्या मनात म्हणा ना," इवाकिरी सेन्सेई म्हणाल्या.

"मनातलं सिग्नलला ऐकू जात नाही, सेन्सेई."

"अहो, इथे सिग्नल नाहीये."

"त्याचीच तर भीती वाटते."

बरं, ही साथ त्यांच्यापाशी थांबली असती तर ठीक होतं. पुढच्या शनिवारी फ्लूटवाल्या बायका फ्लूटच्या एकेका झाकणाकडे बोट दाखवून "ठीक" म्हणू लागल्या. चेलो शिकवणारे गृहस्थ, ऑर्केस्ट्रात केस पिकवलेला माणूस, स्वतःच्या बुटांच्या नाड्यांना "ठीक" म्हणताना सापडले. ओनुमांनी जाहीर केलं, "यापुढे कुरिमोतोसानच्या तोंडून एक शब्द निघाला, की झांजा दुसऱ्याकडे."

कुरिमोतोंना ती झांज हवी होती. जन्मभर त्यांनी लोकांना वेळेवर पोहोचवलं, पण उतरताना कुणी टाळी वाजवली नव्हती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, फुसाएलाही नाही. त्यांनी तोंडाला कुलूप लावलं, आणि सवय व्हावी म्हणून घरीही. शेगडी गप्प, खिडकी गप्प. फुसाएला आधी हायसं वाटलं. मग तिला झोप येईना. आपण जागेवर आहोत हे कुणी सांगितल्याशिवाय डोळा लागेना. पण बोलणार कुठल्या तोंडाने, गप्प बसवलं तिनेच.

कार्यक्रमाच्या दिवशी सगळ्यांचे नातेवाईक डबे, थर्मास घेऊन सभागृहात आले. शांततेची जागा आली. ओनुमांची काठी खाली आली. कुरिमोतोंच्या झांजा छातीपर्यंत वर गेल्या आणि तिथेच अडकल्या. तपासणी झाली नव्हती, आणि तपासल्याशिवाय गाडी काढणारा माणूसच नव्हता तो. ओनुमांनी काठी पुन्हा खाली आणली. फ्लूटवाल्या बायका श्वास कोंडून जांभळ्या पडल्या. इवाकिरी सेन्सेईंनी डोळे मिटून घेतले.

तिसऱ्या रांगेत फुसाए उठून उभी राहिली. तिने बोट रोखलं.

"नवरा, ठीक. झांजा, ठीक. पुढे मोकळं. निघा."

झांज अशी वाजली की मागच्या रांगेतल्या एका थर्मासचं झाकण खाली पडलं. लोकांना वाटलं, हे रचनेतच असावं; हल्ली रचनाकार काय वाटेल ते लिहितात. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. कुरिमोतो वाकून नमस्कार करत राहिले, पडदा पडल्यावरसुद्धा.

घरी येऊन त्यांनी बूट काढून नीट लावले. फुसाए दारातच उभी राहिली, आत सरकेना.

"काही राहिलं का?" तिने विचारलं.

कुरिमोतोंनी तिच्याकडे बघितलं. मग बोट उचललं आणि चोरट्यासारखं पुटपुटले, "बायको, ठीक."

"मोठ्याने म्हणा," फुसाए म्हणाली.