गोठलेले तास आणि वानखडेकाका

वानखडेकाका रिपोर्ट उलटा वाचायचे. आधी शेवटची पुरवणी, म्हणजे आम्ही कुठल्या नोंदी बाद केल्या त्याची यादी. तिथेच ते तासभर अडकायचे आणि सही मागायला आलेला माणूस ताटकळत उभा. ओटावातल्या आमच्या पवनऊर्जेच्या ऑफिसात ते सगळ्यांत जुने. नागपूर सोडून चाळीस वर्षं झाली तरी बोलणं तिथलंच. मी पुण्याची, त्यात घाईची. आमचं जमणं कठीणच होतं.

उत्तरेकडच्या एका गावाला डिझेलचे जनरेटर कायमचे काढून पवनचक्क्या बसवायच्या होत्या. वीज किती मिळेल, याचा अंदाज माझा. गावाचा निर्णय त्यावर होता आणि माझं प्रमोशनही. फक्त काकांची सही बाकी होती.

"हे तास काऊन काढले?"

"सेन्सर फ्रीझ झाला होता, काका. वारा झिरो दाखवत होता. बॅड डेटा आहे, सगळेच काढतात."

"सेन्सर गोठला, तर चक्कीची पाती काय स्वेटर घालून बसणार होती?"

तीन आठवडे त्यांनी मला एकेक तास, चक्की बंद धरून, परत घालायला लावला. मॅनेजर रोज विचारायचा. शेवटी मी वैतागून म्हणाले, की जग तापतंय, म्हणजे पुढे बर्फ कमीच होणार.

"कडाक्याची थंडी कमी होऊन राहिली, बरोबर. पण त्या थंडीत हवा कोरडी असते, पात्यांवर काही धरत नाही. आता ती शून्याच्या जवळ येऊन राहिली, ओली. तीच चिकटते, बाई."

हिवाळ्याचा अंदाज बराच खाली आला. गावाने चक्क्या बसवल्या, पण एक जनरेटर ठेवला. उशिरामुळे प्रमोशन दुसऱ्याला मिळालं. काका रिटायर होऊन व्हँकुव्हरला लेकीकडे गेले, तेव्हा निरोपाच्या पार्टीत मी त्यांच्याशी धड बोललेही नाही.

गेल्या हिवाळ्यात त्या गावात चार दिवस गोठता पाऊस पडला. पाती बर्फाने जड होऊन थांबली. त्या एका जनरेटरवर शाळेत आणि दवाखान्यात हीटिंग चालू राहिलं. हे कळल्यावर मी राग गिळून काकांना फोन लावला.

"काका, तुमचं बरोबर होतं. सॉरी."

"किती तास थांबली? लिहून घेतले?"

"नाही अजून."

"मग सॉरी काय म्हणून राहिली? फोन ठेव अन् लिही."

मी फोन आपटलाच. एवढं नमतं घेतलं, तरी या माणसाला तासच हवेत. कसे आहात, हेही मी विचारलं नाही. महिन्याभराने त्यांच्या लेकीने कळवलं, की तो फोन त्यांनी हॉस्पिटलच्या खाटेवरून घेतला होता आणि तिथून ते घरी आले नाहीत.

तास मी फोन आपटला त्याच दिवशी लिहून काढले होते, सगळेच्या सगळे. ते उलटे वाचून माझ्या चुका काढायला आता कोणी नाही, याचा मला भयंकर राग येतो.