सिरिलची जादा पट्टी

सिरिल थ्रेलफॉल आमच्याकडे गाड्यांचे सांगाडे वेल्ड करायचा. ब्लॅकबर्नच्या एका बंद पडलेल्या गिरणीत आम्ही अठराजण होतो. मी सीटची कातडी शिवायचे. वर्षाला जेमतेम चाळीस स्पोर्ट्‌स गाड्या, त्याही हाताने. त्यात मालक डेरेकला हुक्की आली, तीनऐवजी पाच लिटरचं इंजिन बसवायचं!

"एवढं धूड पुढे ठेवलंस तर धडकेत स्टिअरिंग थेट छातीत घुसेल," सिरिल म्हणाला.

"तू काळजी करूनच मरशील बघ," डेरेक हसला.

सरकारचा नियम असा, की एक गाडी भिंतीवर आदळून दाखवायची. मोठे कारखाने दहा-दहा फोडतात, आम्हाला एकच परवडत होती. नापास झालो की आमच्या कारखान्याला टाळं. त्या आठवड्यात सिरिलचा सँडविचचा डबा रोज तसाच परत जायचा. मी ओरडले, तर म्हणाला, "एडना, घशाखाली उतरत नाही गं."

धडक झाली. स्टिअरिंग फक्त चार बोटं मागे सरकलं. पास! आम्ही अक्षरशः नाचलो. सिरिल मात्र पांढराफटक.

चहाच्या वेळी तो माझ्यादेखत डेरेकला म्हणाला, "आदळलेल्या गाडीच्या सांगाड्याच्या कोपऱ्यात मी एक जादा पट्टी लावली होती. नकाशात नाही ती. अंगठा फिरवला तर सांधा कच्चा वाटला, राहवलं नाही. बाहेर उभ्या नऊ गाड्या त्याआधीच झाल्या होत्या, त्यांना ही पट्टी नाही."

"पट्टीशिवाय पास झाली नसती?"

"माहीत नाही. म्हणून तर सांगतोय."

डेरेकने दार लावून घेतलं. "त्यांच्यावर बॉड्या चढल्यात, रंग झालेत. शुक्रवारी लंडनला प्रदर्शनात न्यायच्यात. गप्प बस. कुणाला कळतंय?"

असा संताप आला मला! पण तोंड उघडायची माझीही हिंमत झाली नाही. माझं घर त्याच पगारावर चालत होतं ना.

सिरिलने कप खाली ठेवला. "लाल गाडी लंडनपर्यंत तुझी पोरगी चालवणार ना? पॉलीन? तीही त्या नवांतलीच आहे, डेरेक."

डेरेकने दार उघडलं आणि लाल गाडी आत ढकलून आणली. मग त्याने कोट काढला, पाना उचलला आणि तिच्या बॉडीचे बोल्ट सैल करायला लागला. सिरिल तिथेच उभा राहिला, हलेना.

"बघतोस काय?" डेरेक खाली मान घालूनच खेकसला. "बाकीच्या आठही आत ढकला. प्रदर्शन गेलं खड्ड्यात."