आबांचं घड्याळ आणि माझं व्याख्यान

आता ही फजिती दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगून टाकते.

मी तळेगावात फिजिओथेरपिस्ट आहे. आंदर मावळातले एक आबा दोन वर्षांपूर्वी आंब्यावरून पडले. मणक्याला मार लागला, कमरेखाली सगळं बधिर. त्यांना पहिल्यांदाच भेटायला मी जीपने निघाले होते. वाटेत त्यांची फाईल वाचायची होती. मी काय केलं? व्याख्यान पाठ केलं.

आबा चाकाच्या खुर्चीत ताठ बसलेले. मी सुरू झाले. "आबा, लघवीची पिशवी भरली की मज्जारज्जूतून मेंदूला निरोप जातो. मेंदू म्हणतो, थांब. जागा सापडली की तोच म्हणतो, सोड."

आबांनी घड्याळ पाहिलं. मला वाटलं, कंटाळले. मी आवाज चढवला.

"ताई, वाईच थांबता का?"

"दोनच मिनिटं, आबा."

त्या दोन मिनिटांची वीस झाली. मध्ये माझा दोनदा चहा झाला. शेवटी आबांची बायको नळीचं पाकीट घेऊन दारात उभी राहिली. "अवो, टाइम झाला न्हवं?"

"व्हय. पर ताईंचं सरंना." आबा माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता. "माजा निरोप मणक्यातच अडाकतो. वर कायबी कळत न्हाई. म्हनून दर चार तासांनी माज्या हातानं नळी घालून पिशवी मोकळी करतो. उशीर केला तर किडनीवर येतं."

"कधी चुकत नाही?"

"न्हाई. लेकीच्या लग्नात भटजीला थांबवलं व्हतं."

आबा आत गेले. मी तिथेच फाईल उघडली. पहिल्याच पानावर सगळं लिहिलेलं. ज्या माणसाने मेंदूचं काम घड्याळावर सोपवलं होतं, त्याला मी मेंदू शिकवत होते.

आबा परत आले नि माझ्याकडे बघत राहिले. "ताई, तुमचं पाय लय हलत्यात."

"छे, तसं काही नाही."

"खड्ड्याचा रस्ता, वर दोन चहा. गोठ्यामागं संडास हाय. जावा."

गेले. अहो, धावलेच.

आता नवीन पेशंट आला की समजावून सांगायला मी आबांनाच बोलावते. मी फक्त त्यांची ओळख करून देते. तीही लांबते, असं आबांचं म्हणणं आहे.