कोल्हापूरचा नंबर

मोबाईलच्या दुकानात माणूस येतो स्क्रीन फुटली म्हणून, पण ती बदलून होईपर्यंत स्टुलावर बसतो आणि घरचं-दारचं सगळं सांगून जातो. फोन घेऊन जातो, किस्सा मात्र इथंच ठेवतो! मंगळवार पेठेतल्या माझ्या एवढ्याशा दुकानात चार्जर ठेवायला जागा नाही, पण किस्से मायंदाळ साठलेत. त्यातले बरेचसे एकाच कोड्याभोवती फिरतात. बाहेरगावच्या माणसाला कोल्हापूरचा नंबर कशाला लागतो?

* * *

आधी आमचे पद्मण्णा. गडमुडशिंगीचे, घरची उसाची शेती, कोल्हापुरात आले की दुकानात बैठक ठरलेली. अनोळखी फोन वाजला की उचलायच्या आधी मला दाखवणार. "बघ रं, आपल्यातला हाय का?"

नंबरावरून फार तर राज्य कळतं, गाव कळत नाही, हे मी त्यांना सांगून थकलो. पण त्यांची तपासणी वेगळीच. फोन उचलला की पहिला प्रश्न, "कुठलं पावणं?"

एकदा एक भामटा बँकेतून बोलतोय म्हणून ओटीपी मागत होता.

"कुठलं पावणं?"

"कोल्हापूरच, सर."

"कोल्हापुरात कुठं?"

"मेन रोड."

पद्मण्णा असे गरजले की समोरचा चहावाला दचकला. "मेन रोड? लेका, फसवायचं तर निदान एक पेठ तरी पाठ करून यायची की!"

* * *

मग ते मूळव्याधीचे डॉक्टर. महिन्यातून एकदा स्टँडजवळच्या लॉजवर बसायचे, बाकीचे दिवस दुसऱ्या गावांच्या लॉजवर. खिशात प्रत्येक गावाचं वेगळं सिम. मी विचारलं, "डॉक्टर, एका नंबरवर भागत न्हाय का?"

म्हणाले, "लोक औषध नंतर बघतात, आधी नंबर बघतात. चार गावांच्या पाट्यांवर एकच दिसला की म्हणतात, हा उद्या पळून जाणार!"

मुक्काम सोलापुरात असताना त्यांना कोल्हापूरच्या सिमवर एका पेशंटचा फोन आला. दवाखाना कुठं? ह्यांनी ठोकून दिलं, "भवानी मंडपात या, तिथंच बसलोय."

पलीकडून आवाज आला, "मंडपातच हुबा हाय. जरा हात वर करा की!"

* * *

दोन-तीन महिन्यांनी एक ताई यायच्या. चाकांची बॅग, डोक्याला स्कार्फ, आणि पर्समध्ये सिमकार्डांची छोटी डबी. एकेका सिमला चिकटपट्टी लावून त्यावर गावाचं नाव लिहिलेलं. गावागणिक त्यांचंही नाव बदलायचं, म्हणून मी आपला नुसतं ताई म्हणायचो. माहेर सीमेपलीकडच्या खेड्यातलं, बोलणं आमच्याकडच्या बायकांसारखंच रोखठोक, 'मी येतो, मी जातो' असं.

"कंपनीची टूर असती का ताई?" मी एकदा सहज विचारलं.

"टूरच म्हणा की," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं नीट बघून बोलल्या, "नेटवर जाहिराती असत्यात न्हवं, एस्कॉर्ट म्हणून? त्यातली मी. आठवडाभर ह्या गावात, मग पुढच्या."

मी स्क्रू ड्रायव्हर हातात धरून तसाच. पण स्वभावाला औषध नाही, तोंडातून निघून गेलंच. "मग प्रत्येक गावचा नंबर कशाला?"

"बाहेरच्या राज्याचा नंबर बघितला की गिऱ्हाईक बिचकतंय. ॲडव्हान्स घिऊन गायब हुतील म्हणतंय. आणि तुमच्या कोल्हापूरचं तर इचारूच नका! पयला प्रश्न, कुठलं? मी पयल्यांदा मेन रोड म्हणालतो, फोन कट! आता सगळ्या पेठा पाठ केल्यात."

मी हसलो. त्याही हसल्या. मग सिम फोनमध्ये सरकवत म्हणाल्या, "लोकल नंबर दिसला की माणूस घाबरायचं सोडतंय. मग घाबरायचं काम तेवढं माझ्याकडं राहतंय."

मला वाईट वाटलं. त्या दिवशी मी त्यांना चहा पाजला, आणि पुन्हा कधी असा प्रश्न विचारला नाही. पुढं त्या बरेच महिने दिसल्याच नाहीत.

* * *

आता इनामदार सर. आमच्या हायस्कूलचे रिटायर्ड मुख्याध्यापक. मी त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेला विद्यार्थी. त्यांनी नवीन सिम घेतलं आणि रोज संध्याकाळी भलतेच फोन यायला लागले. "कोल्हापुरात आलाय का? कुठं भेटायचं?" बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते. हा नंबर आधी कुणाचा होता, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

सरांना ऐकू कमी येतं, त्यामुळं फोन कायम स्पीकरवर. एका संध्याकाळी माझ्या दुकानातच असा फोन आला. सर म्हणाले, "थांब. हा आवाज ओळखीचा आहे. दहावी ब, खिडकीजवळचा बाक?"

पलीकडून बारीक आवाजात, "सर... तुम्ही?"

"वडील बरे आहेत ना? उद्या येऊन जातो घरी."

तो फोन पुन्हा आला नाही! पण बाकीचे येतच राहिले. सरांच्या पोरीच्या लग्नाच्या बायोडाटावर हाच नंबर होता. नंबर बदला म्हणून काकूंनी अबोला धरला. सर ढिम्म हलले नाहीत. "चूक लोकांची, आणि नंबर मी बदलू? मरेपर्यंत हाच राहील!"

* * *

आणि एका दुपारी ताई आल्या. वाळलेल्या, डोळे खोल गेलेले. फोन चोरीला गेला, मग आजारपण, तोवर कोल्हापूरचं सिम बंद पडलेलं.

"दादा, तोच नंबर परत पायजे. जाहिरातीला न्हवं, त्याला दुसरा घेतो. तो घरी दिल्याला हाय. माझी पोरगी आईकडं असती. मी कोल्हापुरात शाळंत शिपाई हाय, असं घरी सांगितलंय. हैदराबादच्या सिमवरनं फोन केला, तर भाऊ म्हणतोय, हा नंबर कुठला? मी फिरतीवर हाय कळलं तर पोरगीचं तोंड बघू द्यायचा न्हाय त्यो."

त्यांनी नंबर सांगितला. कुणाकडं गेलाय बघू म्हणून मी तो लावला. मागच्या स्टुलावर बसलेल्या सरांचा फोन वाजला!

सरांनी फोनकडं बघितलं, मग ताईंकडं. सगळं त्यांच्या कानावर गेलं होतं, कारण ताई कळवळून मोठ्यानं बोलत होत्या. सर एवढंच म्हणाले, "एक जण रोज 'अक्का हाय का' विचारतो. मी कापतो."

"भाऊच त्यो," ताई म्हणाल्या.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. ताईंनी काउंटर घट्ट धरला. सरांनी उचलला, स्पीकरवर.

"हॅलो, अक्का हाय का? रोज फोन का कापताय? कोण तुमी? अक्का खरंच शाळंत हाय का न्हाय? मी उद्या येतोय कोल्हापूरला!"

सर उठून उभे राहिले. चष्मा सारखा केला. आणि मग तो प्रार्थनेच्या वेळचा आवाज लागला, ज्याला अख्खं हायस्कूल टरकायचं.

"मी मुख्याध्यापक बोलतोय. तुमची बहीण कामावर आहे. शाळेच्या वेळेत आम्ही कुणाला फोन देत नाही. मधल्या सुट्टीत करा!"

"व्हय सर. चुकलं सर."

सरांनी फोन बंद केला आणि माझ्या हातात ठेवला.

"बघतोस काय? काढ ते सिम, बाईंच्या फोनमध्ये घाल. मधली सुट्टी व्हायला आली."