परिषदेचा पाहुणा आमच्या पडवीत

रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत माझ्या वाट्याला काम काय आलं, तर दिवे घालवण्याचं! मुंबईच्या त्या सभागृहात कोणी पडद्यावर आकृत्या दाखवू लागला की मी बटण बंद करायचं, त्याचं संपलं की चालू. आणि समोर व्यासपीठावर बसलेल्या एका गोऱ्या प्राध्यापकाला मला फक्त एक प्रश्न विचारायचा होता.

पायरी पायरीने रेणू बांधत मी शेवटापर्यंत आलो होतो. तिथे अणूंचं एक कडं जुळायला हवं होतं. ते काही जुळेना. दर खेपेला फ्लास्कच्या तळाशी काळं डांबर. या प्राध्यापकाने तसलंच कडं जुळवून दाखवलं होतं. इकडे माझ्या सरांनी बजावून ठेवलं होतं, "परिषद संपली की हा विषय बंद. पीएच.डी. हवी असेल तर दुसरं काहीतरी धर." म्हणजे इतकी वर्षं पाण्यात.

शेवटच्या दिवशी काही पाहुण्यांना तारापूरचं अणुवीज केंद्राचं बांधकाम दाखवायचं ठरलं. सर म्हणाले, "तू तिथल्याच नवापूरचा ना? मग जेवणाचं तू बघ." संशोधन राहिलं बाजूला, मी आचारी झालो! चीड आली, पण मनात उकळ्याही फुटल्या. तो माणूस आमच्याच पडवीत जेवणार होता. आईला सगळं सांगून टाकलं.

"आदी त्याला पोटभर जेवू दे, मंग इचार," ती म्हणाली.

मी मुद्दाम त्याच्याशेजारी बसलो. पण मी तोंड उघडलं की आईची भाकरी त्याच्या ताटात. भाकरीमागून पापलेट, पापलेटमागून कोलंबी. तो हात आडवा करी. आई म्हणे, लाजतो. ताटात टाकलं तर यांना राग येईल, असं वाटून बिचारा सगळं संपवत होता.

"अगं, बास की!" मी ओरडलो.

"जेवताना मानसाला कामाचा इचारतात काय? गप बस."

जेवण आटोपलं. हात धुऊन तो पडवीतल्या खाटेवर टेकला, समुद्राचा वारा लागला आणि घोरायलाच लागला. मी सूत्रांचा कागद घेऊन उशाशी उभा. "उठवायचं नाही," सर डोळे वटारून म्हणाले. कळशीभर पाणी ओतावं त्याच्या डोक्यावर, असं वाटत होतं.

बसचा भोंगा वाजला तसा तो दचकून उठला, आईला हात जोडून बसमध्ये चढला. मी खिडकीलगत धावत प्रश्न विचारू लागलो. "वंडरफुल फिश!" तो हसून ओरडला, आणि बस बोईसरच्या रस्त्याला लागली.

आई पदराला हात पुसत आली.

"इचारलास?"

"हो."

"काय बोलला?"

"जेवण फार छान होतं, म्हणाला."

तिचा चेहरा उजळला. "बग, मी सांगला व्हता ना? आता तुजा काम झालाच."