जुळू नये, असं मला वाटत होतं

“यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत,” अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि ताईकडे न बघता माझ्याकडे बघितलं. भाऊजी शेजारीच बसले होते, मग माझ्याकडेच का, हा प्रश्न मला तिथल्या तिथे पडला.

मी अमरावतीला वकिली करतो. समोरचा काय बोलतो यापेक्षा का बोलतो, हे शोधायची सवय मला घरीही सुटत नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढचं बरंचसं या सवयीमुळे घडलं. घरच्या माणसाला किडनी द्यायची वेळ ज्यांच्यावर येईल, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

विमलताई माझ्याहून मोठी, अकोल्याच्या एका शाळेत शिक्षिका. पायांवर सूज येत होती, जेवण समोर आलं की मळमळत होतं. तिने सगळं उन्हाळ्यावर ढकललं. शेवटी क्रिएटिनिन तपासलं. किडनीने बाहेर टाकायची घाण रक्तात किती साठली आहे, ते यावरून कळतं. तिचा आकडा बघून डॉक्टरांनी लगेच डायलिसिस सुरू केलं, म्हणजे शरीरातलं रक्त मशीनमध्ये नेऊन, स्वच्छ करून परत आत सोडायचं. आठवड्यातून तीनदा.

“डायलिसिसवर दिवस निघतात. पण प्रत्यारोपण झालं तर त्या पुन्हा शाळेत जाऊ शकतील. घरात देणारं कोण आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

भाऊजींना शुगर. ताईला मूल नाही. माझा रक्तगट तिचाच. मी म्हणालो, “बघू.”

त्या ‘बघू’वर मी बरेच महिने काढले. हातात केसेस आहेत. मुलीचं बारावीचं वर्ष आहे. आमचे वडील हृदयविकाराने गेले. प्रत्येक कारण खरं होतं, म्हणून तर ते सोयीचं होतं.

आम्ही आजोबांपासून ख्रिस्ती. रविवारची उपासना माझी चुकत नाही. मी प्रार्थना करायचो, “प्रभू, तुझी इच्छा असेल तर मला स्पष्ट खूण दे.” ऐकायला फार भक्तीचं वाटतं. माझी बायको शोभा एकदा म्हणाली, “खूण मागून राहिले, का तारीख?” मी चिडलो.

ताईच्या आग्रहाने नाही, शोभाच्या आग्रहाने मी तपासण्या केल्या. शेवटची होती क्रॉसमॅच. देणाऱ्याच्या पेशी आणि घेणाऱ्याचं रक्त एकत्र करून बघतात. अमरावतीच्या ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन व्हायचं होतं, तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, “क्रॉसमॅच निगेटिव्ह आली.”

मी इतका मोकळा श्वास घेतला की शोभाने वळून बघितलं.

“म्हणजे ताईंच्या रक्ताने तुमच्या पेशींवर हल्ला केला नाही,” डॉक्टर पुढे म्हणाले. “जुळलं.”

तो मोकळा श्वास शोभाने ऐकला होता.

मग मला लॅबचाच संशय आला. दुसरीकडे तपासलं, उत्तर तेच. डॉक्टर इतके उत्साहात का आहेत? ताई फोनवर माझ्या तब्येतीचीच चौकशी का करते? एक दिवस अकोल्याच्या तिच्या चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, राजापेठेतल्या आमच्या घरी आले. पोहे खाल्ले, मुलीच्या अभ्यासाची विचारपूस केली, प्रार्थना केली आणि उठले. मला राहवलं नाही. “ताईने पाठवलं ना तुम्हाले?”

“हो,” ते म्हणाले. “पन किडनीचं काही बोलू नका, असं बजावलं तिनं. म्हने, तो घाबरला असन, नुसतं भेटून या.”

त्यातही मी डाव शोधला. सापडला नाही, तेव्हा जास्तच बेचैन झालो.

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. “तुम्हाला द्यायची नसेल तर आत्ता सांगा. मी घरच्यांना एवढंच सांगेन, की तुम्ही दाते म्हणून योग्य नाही. कारण कुणालाही कळणार नाही.”

“असं सगळ्यांनाच सांगता?”

“सगळ्यांना. तुम्हीही माझे पेशंट आहात.”

इतके महिने जे मागत होतो, ते आयतं समोर आलं होतं. कुणी दोष देणार नव्हतं. पण आता नाही म्हणणारा फक्त मी उरलो होतो.

दुसऱ्या दिवशी बसने अकोल्याला गेलो. ताई डायलिसिसवर होती. एक हात मशीनला जोडलेला, चेहरा काळवंडलेला. मी विचारलं, “मी नाई म्हटलं, तर तुले राग येईन?”

“येईन. काई दिवस राग राहीन, मंग जाईन,” ती म्हणाली. “तू देवाले काय मागून राहिला?”

“खात्री.”

“मंग विश्वास कायले पायजे?” ती हळू बोलत होती, मध्येच थांबत होती. “मले तरी कुठं खात्री हाये? उद्या ही सुई नीट लागन का, हेबी मालूम नाई. तरी हात पुढं करतोच ना मी.”

ती माझं मन वळवते आहे का, हे मी तिच्या चेहऱ्यावर शोधलं. तिने डोळे मिटले होते. ती फक्त थकली होती.

परतताना बस मूर्तिजापूरला थांबली. लोक चहाला उतरले, मी बसूनच राहिलो. खूण मिळाली नाही, आतून आवाज आला नाही. मनात एवढंच म्हणालो, “प्रभू, मला फार भीती वाटते. खूण राहू दे. मी जातो, तू सोबत ये.” आणि बस सुटायच्या आत डॉक्टरांना फोन करून होकार दिला. भीती गेली नव्हती. पण वाट बघणं संपलं होतं.

प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या हॉस्पिटलच्या समितीने विचारलं, “कुणाचा दबाव?” मी म्हणालो, “दबाव नाही. भीती आहे.” त्यांनी ते तसंच मान्य केलं.

ऑपरेशन लॅप्रोस्कोपीने झालं, म्हणजे पोटाला लहान छिद्रं पाडून, दुर्बिणीतून बघत. आत नेताना मी सर्जनना पुन्हा पुन्हा विचारलं, “डावी किडनी ना?” ते प्रत्येक वेळी “डावी” म्हणाले. शुद्धीवर आल्यावर खांदा असह्य दुखायला लागला. पोट सोडून खांदा का? मला वडील आठवले. ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या गॅसमुळे असं होतं, हे सिस्टरने समजावलं. तुमचाही दुखेल. घाबरू नका, पण सांगा जरूर.

ताईची लघवी सुरुवातीला कमी होती. सगळे “होईल” म्हणत होते आणि मला ते खोटं वाटत होतं. त्या वेळी मी काहीही मागितलं नाही. नुसता पडून राहिलो, ‘तू आहेस ना’ एवढंच म्हणत. दोन दिवसांनी किडनीने वेग घेतला.

मला व्हीलचेअरवरून ताईच्या खोलीच्या काचेपर्यंत नेलं. आत ताई पाणी पीत होती. डायलिसिसच्या काळात तिला पाणी मोजून मिळायचं, जीभ कोरडी पडली की ती बर्फाचा खडा चघळायची. आता डॉक्टर तिला भरपूर प्या म्हणत होते. तिने अख्खा ग्लास संपवला आणि सिस्टरकडे पुन्हा पुढे केला. मी काचेवर टकटक केली. तिने बघितलं, हाताने ‘थांब’ म्हणाली, आणि दुसरा ग्लास तोंडाला लावला.

संशय घ्यायची माझी सवय अजून आहे. त्या काचेसमोर मात्र मला काहीच विचारायचं नव्हतं.